भोकांचा दट्ट्या

पाण्याचा फवारा थेट छताला लागला आणि तिथून उलटा काकूंच्या डोक्यावर आला.

"अगं बाई गं!" काकू मागे सरल्या. चष्म्यावर फेस, केसांत फेस, न्हाणीघराच्या खिडकीलाही फेस.

मिस्त्री दारात स्टुलावर बसले होते. उजवा हात कुणी आणून ठेवल्यासारखा मांडीवर पडलेला, डाव्याने दाराची चौकट धरलेली. त्यांनी बायकोकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, मग बादलीत उभ्या असलेल्या आपल्या नव्या यंत्राकडे पाहिलं आणि ठामपणे निदान केलं.

"वायसर ढिला आहे."

"वायसर!" काकूंनी चष्मा बाहीला पुसला. "माझी इथे दुसरी आंघोळ झाली आणि तुम्हाला वायसरचं पडलंय!"

"पाणी कडेने वर आलं ना? म्हणजे फट राहिली. फट बुजवली की संपलं. दाब परत."

"तुम्हीच दाबा."

बोलून गेल्यावर काकूंनी जीभ चावली. मिस्त्रींनी ऐकलं नसल्यासारखं केलं. ऐकलं नसल्यासारखं करण्यात तेही आता चांगलेच तयार झाले होते.

यंत्र म्हणजे काय, तर एक दट्ट्या. जाड प्लास्टिकचं टोपलं उपडं करून त्याच्या बुडाला झाडूचा दांडा बसवलेला आणि कडेने पंपाच्या जुन्या चामडी वायसरची पट्टी गुंडाळलेली. बादलीत साबणाचं पाणी, पाण्यात चादर आणि वरून हा दट्ट्या. वर-खाली करायचा की चादर आपोआप धुतली जाणार, मनगटाला काही त्रास नाही. कल्पना मिस्त्रींची आणि हात काकूंचे, तेही दुखरे. आवळाआवळी करण्यात सगळी सकाळ गेली होती.

मिस्त्रींनी आपल्या लोखंडी पेटीतून ग्लँडची दोरी मागवली. पंपाच्या दांड्याभोवती पाणी गळू नये म्हणून जी तेलकट दोरी ठासतात, ती. दाताने एक टोक आणि डाव्या हाताने दुसरं धरून त्यांनी ती दट्ट्याच्या कडेला दोन वेढे देऊन आवळली. "आता बघ," म्हणाले.

काकूंनी दांडा दाबला. दट्ट्या अर्ध्यावर गेला आणि तिथेच बसला. काकूंनी तो वर ओढला, तर खालची बादलीही वर आली. भरलेली बादली हातभर उंच उचलली गेली, मनगटात कळ आली, काकूंनी "आई गं" म्हणून दांडा सोडला आणि न्हाणीघराचं तळं झालं.

मिस्त्रींच्या चेहऱ्यावर मात्र आनंद मावत नव्हता.

"बघितलंस? कसला घट्ट बसलाय! वर एक थेंब आला नाही!"

चादर जशी मळकी आत गेली तशीच बाहेर आली होती, पण ती गोष्ट त्यांच्या लेखी दुय्यम होती.

*

मिस्त्री म्हणजे पंपाचे मिस्त्री. इमारतीच्या गच्चीवर पाणी चढवणारे, विहिरीतून उपसणारे, कारखान्यात ढकलणारे, असे सगळे पंप त्यांच्या हाताखालून गेले होते. लोक त्यांना लांबून बोलवून न्यायचे, ते त्यांच्या एका सवयीमुळे. काम झालं की ते सांध्याच्या खाली कोरडं वर्तमानपत्र अंथरायचे आणि शेजारी बूड टेकून चहा मागवायचे. चहा संपेपर्यंत पंप चालू. कागदावर टिंबाएवढा जरी डाग पडला, तरी हातातला कप खाली ठेवून सगळं परत खोलायचे. घरमालक म्हणायचा, "अहो, एवढंसं गळणारच की हो." त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर असायचं, "तुमच्याकडे गळत असेल, माझ्याकडे गळत नाही."

गळतीशी त्यांचं असं हाडवैर होतं. या माणसाच्या घरात नळ टपकलेला कुणी ऐकला नव्हता.

मग एके सकाळी पंपावर वाकलेले असतानाच त्यांची उजवी बाजू गेली. जीभ महिन्याभरात वळली. पाय काठीच्या आधाराने बरा झाला. उजवा हात काही परत आला नाही. आणि आणखी एक गोष्ट गेली होती, तिचं नाव त्या घरात कुणी काढत नसे. काही रात्री झोपेत त्यांना कळायचंच नाही, आणि सकाळी चादर ओली असायची. रोज व्हायचं असं नाही. पण कुठली रात्र कोरडी जाणार हे सांगता येत नसल्यामुळे धास्ती रोजचीच होती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गळत्या बुजवल्या आणि आपली बुजवता येईना, या विचाराने पहिल्यांदा ते भिंतीकडे तोंड करून रडले होते. काकूंनी पाठीवर नुसता हात ठेवला होता. त्या दिवसापासून उजाडायच्या आत चादर अंथरुणावरून नाहीशी व्हायची आणि दुसरी यायची. एका शब्दाची देवाणघेवाण नाही.

धुतलेली चादर काकू गॅलरीतल्या आतल्या दोरीवर घालायच्या. बाहेरच्या दोरीवर शर्ट, टॉवेल, उशांचे अभ्रे. आत, दोन पलंगपोसांच्या मध्ये, ती. समोरच्या घरातल्या वहिनींची नजर फार तीक्ष्ण होती आणि जीभ तिच्याहून. या घरात सारखी चादर का धुतली जाते, हा प्रश्न त्यांना पडू नये यासाठी काकू डोळ्यांत तेल घालून जपायच्या.

आणि असं पिळून पिळून काकूंची मनगटं गेली.

त्या बोलल्या नाहीत. पण चहाच्या आधणाचं पातेलं दोन्ही हातांनी धरून उतरवताना मिस्त्रींनी त्यांना पाहिलं. नंतर बरणीचं झाकण उघडायला त्या मिस्त्रींकडे घेऊन आल्या. एका हाताच्या माणसाकडे झाकण उघडायला यावं लागतं, तेव्हा काय ते समजून घ्यायचं असतं. डॉक्टरांनी मनगटाला पट्टा दिला आणि बजावलं, "ओलं पिळायचं नाही, म्हणजे नाही."

परगावच्या मुलाचा फोन आला. "बाबा, मशीन पाठवतो."

"इथे पाणी येतं सकाळी तासभर, तेही करंगळीएवढ्या धारेने. त्या प्रेशरवर मशीन चालत नाही. हे तू मला शिकवू नकोस."

"मग धुण्याला बाई ठेवा. चादरी तरी बाहेर टाका धुवायला!"

"माझी चादर परक्या हातात जाणार नाही," मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

काकू कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "मग धुणार कोण? तुमचा पंप?"

त्या रागाने बोलल्या होत्या. पण मिस्त्री बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिले. आजारपणानंतर असे बघताना काकूंना ते प्रथमच दिसले. कुठलंसं यंत्र बिघडलंय आणि ते खोलायचं आहे, अशी ती जुनी नजर होती.

"हो," ते म्हणाले. "पंपच. पेटी काढ."

*

तर तो पंप असा छताला लागला आणि नंतर बादली घेऊन उठला.

न्हाणीघर पुसून झाल्यावर काकू त्यांच्यासमोर बसल्या. "एक सांगू? रागावणार नसाल तर."

"सांग."

"पाण्याला कोंडायचं नसतं हो. मी इतकी वर्षं धुतेय. आपण कपडा घासतो, आपटतो, पिळतो, ते कशासाठी? पाणी कपड्यातून आरपार जावं म्हणून. ते गेलं तर मळ सुटतो. तुम्ही त्याला वरून झाकण लावलंत. ते बिचारं जाणार कुठे? ह्याला भोकं पाडा."

"भोकं?"

"चाळणीसारखी."

"दट्ट्याला भोकं?" मिस्त्रींचा आवाज चढला. "भोकं पडली की दट्ट्या भंगारात जातो. मी भोकं बुजवतो. पाडत नाही."

"हा पंप नाहीये."

"दट्ट्या तो दट्ट्याच. वायसर आणखी जरा जाड लावला की..."

"नाचता येईना अंगण वाकडं!" काकू उठल्या. "सुंभ जळला तरी पीळ जात नाही तुमचा. बसा वायसर आवळत. मी आपली हाताने धुते."

आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी धुतली. मिस्त्री पलंगावर पडून ऐकत होते. आधी पाण्याचा आवाज, मग घासण्याचा. मग थोडी शांतता. पिळायची वेळ आली होती. त्या शांततेतून एक बारीकसा, दाबलेला हुंकार आला, परत आला, आणि मग बादलीवर काहीतरी आदळल्याचा आवाज. चादर हातातून सुटली असावी. काकू बाहेर आल्या तेव्हा चेहरा नेहमीसारखा हसरा होता, पण पट्टा ओला होता आणि त्याच्या वरचं मनगट टम्म सुजलं होतं.

बाईमाणूस आपल्यामुळे असं झिजावं आणि आपण वायसरचा हट्ट धरून बसावं, याची मिस्त्रींना मनस्वी लाज वाटली. लाज वाटली की ते आवाज चढवायचे, ही त्यांची जुनी खोड होती.

"ड्रिल काढ!" ते ओरडले.

"कशाला?"

"भोकं पाडायला! अजून कशाला?"

हाताने फिरवायचं ते जुनं ड्रिल. एका हाताने वरून दाबायचं, दुसऱ्याने बाजूचा दांडा फिरवायचा. पण मिस्त्रींचा दाबायचा हात गेलेला आणि काकूंना मनगट फिरवायची बंदी. दोघांचे मिळून हात चार आणि त्यातले धड कामाचे दीड. 

मग काकूंनी दट्ट्या फळकुटावर उपडा ठेवून पायांच्या मध्ये धरला आणि ड्रिलच्या मुठीवर दोन्ही तळवे पालथे घातले. "नुसतं दाबायला मला काही होत नाही. तुम्ही फिरवा."

मिस्त्री खाली बसले. डाव्या हाताने दांडा धरला. आणि तिथेच थांबले.

"काय झालं?"

"काही नाही. चांगलं टोपलं आहे गं."

काकूंना हसू आवरेना. "अहो, फिरवा!"

मिस्त्रींनी डोळे मिटून दांडा फिरवला. टोपल्यातून प्लास्टिकची एक पांढरी गुंडाळी नागमोडी वर आली आणि ड्रिल आरपार गेलं. मिस्त्रींनी डोळे उघडले, टोपलं उचललं आणि भोकातून पाहिलं. पलीकडे काकूंच्या पायाचा अंगठा दिसत होता.

"झालं?" काकू म्हणाल्या. "आभाळ कोसळलं का?"

"नीट दाब. तिरकं जातंय."

पहिलं भोक पाडायला जड गेलं. नंतर गडी रंगात आला. भोकं सरळ रेषेत हवीत, कडेची लहान आणि मधली मोठी हवीत, आतून धार राहिली तर कपडा फाटेल म्हणून प्रत्येकाला गोल कानस फिरवली पाहिजे, अशा सूचना सुरू झाल्या. काकूंचे खांदे भरून आले तरी हे थांबेनात. शेवटी त्या म्हणाल्या, "अहो, थोडं टोपलं शिल्लक ठेवा!"

कडेची दोरी आणि वायसर काढून भोकांचा दट्ट्या बादलीत गेला. काकूंनी दांड्यावर कोपरातून भार दिला. मनगट सरळच राहिलं. धप्प. भोकाभोकांतून पाणी उसळून वर आलं, पण छताला नाही, बादलीतल्या बादलीत. वर ओढला, पाणी परत चादरीतून खाली गेलं. धप्प, धप्प. थोड्याच वेळात पाण्याचा रंग बदलला.

"अगं, मळ सुटला!" मिस्त्री दारातून ओरडले. एखाद्या कोरड्या विहिरीला पाणी लागावं तसे.

"सुटणारच. मी काय सांगत होते?"

"तू सांगितलंस, पण भोकं सरळ रेषेत आहेत म्हणून सुटला."

*

धुणं सुटलं, पण पिळणं राहिलं. आणि डॉक्टरांनी बंदी घातली होती ती नेमकी पिळण्यावर.

दोन दिवस मिस्त्रींचं डोकं त्यातच होतं. जेवताना हातातला चमचा थांबायचा. मग त्यांनी काकूंना पलंगाखालची दुसरी पेटी ओढायला लावली. त्यात जुन्या कामांतून उरलेलं सामान होतं. त्यातून निघाला पितळेचा एक मोठा व्हॉल्व्ह, वर गोल चाक असलेला. चाक फिरवलं की पाणी बंद, उलट फिरवलं की चालू. मिस्त्रींनी चाक डाव्या हाताने फिरवून पाहिलं. इतक्या वर्षांनीही ते लोण्यासारखं फिरलं.

रविवारी वेल्डर आला. वेल्डर म्हणजे त्यांचा जुना जोडीदार. जिथे मिस्त्री आवळून थकायचे तिथे हा वेल्डिंगचा डाग द्यायचा. आल्या आल्या त्याने न्हाणीघरात डोकावून दट्ट्या पाहिला आणि खो खो हसत सुटला.

"मिस्त्री! दट्ट्याला भोकं? तू? माझ्या हातून एकदा केसाएवढं छिद्र राहिलं होतं तर तू आठ दिवस बोलला नव्हतास!"

"बस. काम आहे." मिस्त्रींनी व्हॉल्व्ह पुढे सरकवला. "ह्याच्या आतला पडदा काढून टाक. नुसतं चाक आणि दांडा ठेव. दांड्याच्या टोकाला एक आकडा जोडून दे. आणि हे धूड न्हाणीघराच्या भिंतीला बोल्ट मारून बसव. समोरच्या भिंतीला दुसरा आकडा."

"ह्याचं काय होणार?"

"पिळायचं यंत्र. चादर त्या आकड्यावरून घालायची, टोकं ह्या आकड्यात. चाक फिरवलं की पीळ बसणार. चाक मोठं असलं की जोर कमी लागतो. आणि दांड्याभोवतीचा ग्लँड असा आवळून ठेवायचा, की हात सोडला तरी चाक मागे फिरायचं नाही."

"वा!" वेल्डर मनापासून म्हणाला. "बायकोसाठी केलंस होय? शहाणा झालास म्हातारपणी."

मिस्त्री हो म्हणून मोकळे होऊ शकले असते. काकू स्वयंपाकघरात होत्या. वेल्डरच्या तोंडावर काही शंका नव्हती. पण ज्याच्यासोबत आयुष्यभर सांधे जोडले, त्याला अर्धवट माप देऊन काम कसं करून घ्यायचं?

"तिच्यासाठी नाही," ते म्हणाले. "चादर माझी असते. रात्री... मला कळत नाही कधी कधी. ती धुते. आता मी धुणार आहे. एका हाताने जमलं पाहिजे, तसं कर."

हे बोलताना ते व्हॉल्व्हकडे बघत होते. वर बघायचं धाडस होत नव्हतं. वेल्डरने आता खांद्यावर हात ठेवला असता किंवा अरेरे म्हटलं असतं, तर त्यांनी त्याला जिन्यावरून खाली घालवलं असतं.

वेल्डरने व्हॉल्व्ह उचलला, उलटसुलट केला, दांड्याच्या टोकावर अंगठा फिरवला.

"मग एक आकडा चालणार नाही," तो म्हणाला. "आकड्याला टोकं बांधावी लागतील आणि गाठ मारायला दुसरा हात लागतो. मी दोन बोटं जोडतो, शेजारी शेजारी. टोकं मध्ये खुपसायची. पहिल्या वेढ्यातच आपोआप धरली जातील."

मिस्त्रींनी वर पाहिलं. "दोन बोटं. बरोबर आहे."

"आणि घासून गोल करून देतो. नाहीतर चादर फाडशील आणि माझ्या नावाने शंख करशील."

"तो तर करणारच आहे."

काकू चहा घेऊन आल्या, तेव्हा दोघंही म्हातारे नाक ओढत होते आणि एकमेकांना शिव्या देत होते.  दारामागून काकूंनी सगळं ऐकलं होतं.

चाक भिंतीवर बसलं. पण काकूंनी साफ सांगून टाकलं, "चाक मी फिरवणार. तुम्ही त्या ओल्या फरशीवर जायचं नाही. पडलात म्हणजे? मग मी चादर धुऊ की तुम्हाला उचलू?"

"बरं," मिस्त्री म्हणाले. मिस्त्री इतक्या सहज बरं म्हणाले, तिथेच काकूंनी सावध व्हायला हवं होतं.

*

त्या दिवशी मिस्त्रींना जाग आली ती ओल्या गारठ्याने. बाहेर नुकतं फटफटत होतं. शेजारच्या पलंगावर काकू औषधाच्या गुंगीत गाढ झोपल्या होत्या. पट्टा बांधलेला हात उशीवर होता.

नेहमी या वेळी मिस्त्री डोळे मिटून झोपेचं सोंग घ्यायचे. काकू येऊन त्यांना कुशीवर वळवायच्या, चादर काढायच्या, कोरडे कपडे घालायच्या, आणि मिस्त्री सोंग चालू ठेवायचे. सोंग आहे हे दोघांनाही माहीत होतं.

आज ते उठून बसले. कपडे बदलायला वेळ लागला, पण बदलले. चादर एका हाताने ओढताना ती गादीखाली अडकली. त्यांनी चारही कोपरे फिरून फिरून सोडवले. आता खरी पंचाईत आली. हात एक. त्यात काठी धरायची की चादर?  मग त्यांनी चादर गळ्यात टाकली. आपलीच ओली, वास येणारी चादर आपल्या गळ्यात. मानेला तिचा गार स्पर्श झाला तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. पण उभं राहून रडायलाही फुरसत नव्हती. भिंतीला खांदा लावत, काठी टेकत, पाऊल टाकून मग दुसरं ओढत ते न्हाणीघरापर्यंत गेले.

पिंपाच्या तळाशी त्यांनीच कधीकाळी बसवलेला नळ होता. त्याच्याखाली बादली होतीच. स्टूल काकू रोज तिथेच ठेवायच्या. ते बसले, नळ सोडून बादली भरली, साबणाची पूड टाकली, चादर सोडली आणि डाव्या हाताने दट्ट्याचा दांडा धरला.

धप्प.

पहिल्या दोन-चार वेळा दट्ट्या तिरका गेला. मग त्यांनी दांडा काखेत धरला आणि खांद्याने दाबला. पंपाची लय त्यांच्या अंगात होती. ती सापडली. धप्प, धप्प, धप्प. पाणी भोकांतून वर उसळत होतं आणि परत खाली जात होतं. सकाळच्या त्या उजेडात ते त्यांनी आज पहिल्यांदा निवांत पाहिलं. वाट मिळालेलं पाणी किती समजुतीने वागतं, असं त्यांना वाटलं.

पाणी बदललं. परत धप्प. मग चादर समोरच्या आकड्यावरून घेतली, टोकं वेल्डरच्या दोन बोटांत खुपसली आणि चाकाला हात घातला. चाक फिरलं. चादर ताठ झाली, तिचा दोर झाला, पाण्याच्या धारा लागल्या. हात सोडला. चाक जागचं हललं नाही.

"ग्लँड माझा आहे म्हटलं," मिस्त्री स्वतःशीच पुटपुटले.

"दिसतोय," मागून आवाज आला.

काकू दारात उभ्या होत्या. केस विस्कटलेले, चष्मा हातात. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. त्या रागावणार की रडणार, हे त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं.

"मी सांगितलं होतं ना, ओल्या फरशीवर..."

"आता आरडाओरडा करू नकोस. शेवटचा पीळ राहिलाय." त्यांनी चाकाला हात घातला आणि तोंड न वळवता म्हणाले, "आधी मी पडून राहायचो गं. जागा असूनही. तुला माहीत होतं ना?"

"माहीत होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"कशाला बोलायचं? तेवढाच तुमचा मान राहायचा," काकू म्हणाल्या आणि मग मात्र त्यांना रडू आलं.

*

चादर वाळत घालणं मात्र एका हाताचं काम नव्हतं. काकूंनी ती खांद्यावर घेतली आणि सवयीने आतल्या दोरीकडे वळल्या.

मिस्त्री गॅलरीतल्या खुर्चीत येऊन बसले होते. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता. "तिकडे कुठे?"

"मग?"

"बाहेरच्या दोरीवर घाल."

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. बाहेरची दोरी म्हणजे रस्त्यावरून दिसणारी, समोरच्या घरातून दिसणारी. "नक्की?"

"मी धुतलीय. आत कशाला?"

काकूंनी चादर झटकून बाहेरच्या दोरीवर पसरली. कोपरे ओढले, चिमटे लावले. समोरच्या वहिनी खिडकीत उभ्या राहून दात घासत होत्या. त्यांनी बघितलंच.

"काय काकू, आज सकाळी सकाळी चादर?"

"हो!" काकू मोठ्याने म्हणाल्या. एरवी घरातलं घरात ठेवणाऱ्या काकू, पण आज त्यांचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. "ह्यांनी धुतली! एका हाताने! पिळलीसुद्धा त्यांनीच. या ना, चाक बघायला या!"

वहिनींचा ब्रश तोंडातच राहिला. चादर का धुतली, हे विचारायचं त्यांच्या लक्षातच आलं नाही. कशी धुतली, हेच त्या विचारत राहिल्या. काकू सांगत राहिल्या आणि मिस्त्री रस्त्याकडे बघत, काही ऐकत नसल्यासारखे, एकेक शब्द ऐकत राहिले.

मग काकूंनी चहा केला. आधणाचं पातेलं धरायला आज एक हात पुरला, असं त्या म्हणाल्या. ते काही खरं नव्हतं, पण मिस्त्रींनी मान डोलावली.

"वर्तमानपत्र आण," ते म्हणाले.

"वाचायला?"

"खाली टाकायला."

काकूंनी कोरडा कागद आणून चादरीखाली अंथरला. दोघं कप घेऊन बसले. मिस्त्रींची नजर चादरीच्या कोपऱ्यावर होती. काकूंचीही. ऊन गॅलरीत शिरलं. रस्ता हळूहळू जागा झाला. कागद कोरडा होता. मिस्त्रींची मान जराशी ताठ झाली.

चहा संपत आला आणि कोपऱ्यात पाणी गोळा होऊ लागलं. फुगलं, लोंबलं आणि टप्पकन कागदावर पडलं. बातमीवर डाग पसरला. काकूंनी हळूच नवऱ्याकडे पाहिलं. हे आता कप खाली ठेवणार, सगळं परत खोलणार, हे त्या इतकी वर्षं बघत आल्या होत्या.

"परत पिळायची का?" त्यांनी विचारलं.

मिस्त्रींनी त्या डागाकडे बराच वेळ पाहिलं.

"राहू दे," ते म्हणाले. "थोडं गळणारच."

त्यांनी उरलेला चहा पिऊन टाकला. काकूंनी वाकून कागद उचलला, त्याची घडी करून खुर्चीखाली सारली आणि आपले हात उन्हात मांडीवर ठेवले. सकाळची वेळ होती आणि आज त्या वेळीही हात कोरडे होते.